तांब्याची लाइन जाऊन फायबर येताना : वीज नसताना घरचा फोन चालू कसा ठेवावा?

प्रश्न : दापोली तालुका, सध्या मुक्काम पुणे

नमस्कार मंडळी,

माझे आई-वडील दापोली तालुक्यातील एका वाडीत राहतात. घर डोंगराच्या उताराखाली असल्याने मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात मिळते, घरात मिळत नाही. त्यामुळे माजघरातला लँडलाइन फोन हाच आमचा खरा दुवा आहे. वडील ऐंशीच्या पुढे आहेत, हाताला कंप आहे, मोबाइलच्या पडद्यावर बोट नेमके ठेवणे त्यांना जमत नाही; मात्र बटणांच्या फोनवर आम्हा भावंडांचे क्रमांक ते आजही न चुकता लावतात.

अलीकडे टेलिफोन कंपनीकडून निरोप आला की आमच्या भागातील तांब्याच्या केबलची दुरुस्ती यापुढे होणार नाही, ग्राहकांनी फायबरची जोडणी घ्यावी, क्रमांक तोच राहील आणि सोबत वेगवान इंटरनेटही मिळेल. इंटरनेटला माझा विरोध नाही. पण पाहणीसाठी आलेल्या मुलाला आईने सहज विचारले, की लाइट गेल्यावर फोन चालेल ना? त्यावर तो म्हणाला, "नाही आजी, मोडेम बंद झाला की फोनही बंद." पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाणे नित्याचे आहे, आणि जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की तांब्याच्या लाइनला घरची वीज का लागत नव्हती आणि फायबरला का लागते. ही उणीव भरून काढण्याचा खात्रीचा उपाय कोणता. आणि जुनी लाइन हट्टाने ठेवण्यात काही अर्थ उरला आहे का. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त दूरसंचार अधिकारी, नाशिक

आपल्या मातोश्रींनी विचारलेला प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. तो त्यांना विचारावा लागला हेच चूक आहे. कंपनीच्या माणसाने ही गोष्ट आपणहून सांगायला हवी होती.

तांब्याची लाइन म्हणजे दोन तारांची एक जोडी. ती एक्स्चेंजच्या एमडीएफवरून, म्हणजे सर्व लाइनी जिथे येऊन मिळतात त्या मोठ्या चौकटीवरून निघते, रस्त्यावरच्या पिलरमधून आणि खांबावरच्या डीपीमधून, म्हणजे टेलिफोनच्या तारा वाटून देणाऱ्या छोट्या पेटीतून, आपल्या घरी पोहोचते. या जोडीतून आपला आवाज तर जातोच, पण फोन चालवण्यासाठी लागणारी वीजही त्याच तारांमधून एक्स्चेंजच पुरवते. माझ्या नोकरीच्या काळात प्रत्येक मोठ्या एक्स्चेंजमध्ये स्वतंत्र बॅटरी रूम असे. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने जोडून ४८ व्होल्टचा एक संच तयार होई, असे दोन संच असत, आणि तिथला कर्मचारी हायड्रोमीटर बुडवून सेलमधल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाही व रजिस्टरमध्ये नोंद करी. बाहेरची वीज गेली तरी हे संच न थांबता लाइन पुरवत राहत, आणि वीज लवकर येण्याचे चिन्ह नसेल तर डिझेलचे इंजिन सुरू केले जाई. या बॅटरीचे धन टोक मुद्दाम जमिनीला जोडलेले असे, कारण लाइनवर ऋण दाब ठेवला की ओल लागलेली तांब्याची तार गंजून झिजण्याचे प्रमाण कमी होते. आपण रिसीव्हर उचलला की त्या जोडीतून काही मिलिअँपिअरचा प्रवाह वाहू लागतो, तेवढ्यावरून एक्स्चेंजला समजते की ग्राहकाला डायल टोन हवा आहे. घंटी वाजवण्यासाठी सुमारे ७५ व्होल्टचा वेगळा प्रत्यावर्ती प्रवाहही एक्स्चेंजमधूनच येतो. घरात विजेचे मीटर नसले तरी फोन वाजत असे, तो या व्यवस्थेमुळे.

फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. पलीकडून आलेल्या प्रकाशाचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारे यंत्र, ज्याला ओएनटी किंवा बोलीभाषेत मोडेम म्हणतात, ते आपल्या घरात बसते आणि आपल्याच प्लगवर चालते. म्हणजे जी बॅटरी सांभाळणे आजवर कंपनीचे काम होते, ते आता ग्राहकाच्या गळ्यात आले आहे. तंत्रज्ञान बदलले याबद्दल माझी तक्रार नाही. जबाबदारी अशी गुपचूप हस्तांतरित होते, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक झळ बसणार त्या वृद्ध ग्राहकांना ते लाइट गेल्यावरच कळते, याची मात्र मला मनापासून खंत वाटते.

आता जुनी लाइन ठेवावी का, याबद्दल. माझे स्पष्ट मत आहे की ठेवू नये. तांब्याचा फोन वीज नसतानाही चालतो हे खरे, पण पलीकडच्या बॅटरीत जीव आहे तोवरच. ग्रामीण भागातील बहुतेक लाइनी मोठ्या एक्स्चेंजपासून थेट येत नाहीत. गावाजवळच्या छोट्या दूरस्थ युनिटपर्यंत आधीच फायबर आलेले असते आणि तांबे तिथून पुढे सुरू होते. त्या युनिटची बॅटरी जुनी झाली असेल तर वीज गेल्यावर थोड्या वेळातच सगळ्या गावाचे फोन एकदम बंद पडतात.

दुसरे असे, की जमिनीतल्या केबलचे आयुष्य संपत आले आहे. केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली असते, तरी जॉइंट कुठेतरी उघडा पडतोच, पाणी शिरते आणि फोनवर खरखर सुरू होते. शंभर जोड्यांचा तुटलेला जॉइंट नव्याने बांधायचा म्हणजे रंगसंगती पाहून तारेला तार जोडत खड्ड्यात तासन्तास बसावे लागते. ते काम जाणणारे लाइनमन आता उरले कुठे? ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकट्या बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार कर्मचारी बाहेर पडले. त्यातच रस्ता रुंदीकरणात जेसीबी केबल उखडतो, आणि तांब्याला भाव असल्याने उरलेली केबल चोरीला जाते. शंभर जोड्यांच्या केबलवर दहाच ग्राहक उरले तरी देखभालीचा खर्च दहा ग्राहकांइतका होत नाही, तो पूर्वीइतकाच राहतो.

याच तांब्यावरून जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा आम्हाला त्याचा किती अभिमान वाटला होता हे इथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. पण त्या तंत्राची मर्यादा अंतराची होती. त्याच्या सुधारित आवृत्तीतही एक्स्चेंजच्या शेजारी सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत वेग मिळे, आणि चार-पाच किलोमीटरवर त्यातले एक-दोन मेगाबिट हाती लागले तरी ग्राहक समाधान मानत असे.

उत्तर २ : फायबर जोडणीचे काम करणारा, सांगली जिल्हा

काकांनी जुन्या लाइनीबद्दल नेमके लिहिले आहे. मी फायबरच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धत असते. एक्स्चेंजमधील ओएलटी नावाच्या यंत्रातून एक फायबर निघते, आणि वाटेत स्प्लिटर लावून त्यातील प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो, जसे पाटाचे पाणी बांधावर वाटून देतात. या स्प्लिटरला वीज लागत नाही, आणि आपल्या प्रश्नासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत, अगदी वीस किलोमीटरपर्यंतही, मध्ये कुठेही विजेवर चालणारे काही नसते. एक्स्चेंजला बॅटरी असतेच. आपण घरच्या मोडेमची सोय केली की साखळी पूर्ण होते.

मात्र काही ठिकाणी स्थानिक केबलवाल्यांनी खर्च वाचवण्यासाठी एखाद्या इमारतीच्या जिन्यात किंवा दुकानात स्विच बसवून तिथून पुढे जोडण्या दिलेल्या असतात. त्या दुकानाची वीज गेली की घरात कितीही मोठा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर लगेच पुरवठा सुरू ठेवणारा बॅटरीचा संच, असला तरी उपयोग होत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी विचारा की आमच्या घरापर्यंत जीपॉन आहे का, आणि मध्ये विजेवर चालणारा स्विच कुठे आहे का. हे उत्तर गोलमाल मिळाले तर पुढे जाऊ नका.

यूपीएसबद्दल. मोडेमला बहुधा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असतो आणि प्रत्यक्षात त्याला साधारण दहा वॅटच्या आसपास वीज लागते. बाजारात राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो अ‍ॅडॅप्टर आणि मोडेम यांच्या मध्ये बसतो आणि काही तास निभावून नेतो. घेताना अ‍ॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहूनच घ्या. नऊ व्होल्टच्या मोडेमला बारा व्होल्ट देऊ नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे याची खात्री करून घ्या, कारण अनेक घरांत पंखे-दिवे इन्व्हर्टरवर असतात आणि मोडेम नेमका साध्या बोर्डावर असतो.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. कॉर्डलेस फोनच्या बैठकीलाही वीज लागते. मोडेम यूपीएसवर चालू असूनही फोन मेलेला, असे त्यामुळे होते. आपल्या वडिलांसाठी वायरचा साधा बटणांचा फोनच ठेवा, तो मोडेमच्या मागच्या फोनच्या खाचेत लागतो आणि त्याला लागणारी वीज मोडेम देतो. घरात जुन्या वायरवर दुसऱ्या खोलीत एक्स्टेन्शन काढले असेल तर तेही चालू ठेवता येते, पण आधी बाहेरून आलेली तांब्याची जोडी त्या वायरपासून पूर्ण तोडली पाहिजे. जुनी जोडी लागलेली ठेवून त्याच वायरवर मोडेम जोडला, तर मोडेमची फोनची खाच जळण्याची शक्यता असते. बोट घालून फिरवायची तबकडी असलेला फोन असेल, तर बहुतेक मोडेमना त्याचा डायल समजत नाही.

जोडणीच्या दिवशी आमच्या कामावर लक्ष ठेवा, आम्हाला त्याचा राग येत नाही. केसापेक्षा थोडी जाड अशी ही काच असते, १२५ मायक्रॉनची, आणि प्रकाश तिच्या मधल्या नऊएक मायक्रॉनमधून जातो. वरचे आवरण सोलायचे, अल्कोहोलने काच पुसायची, क्लीव्हरने काटकोनात कापायची, मग स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोके समोरासमोर ठेवली की ठिणगीने ती वितळून एकजीव होतात. पुसण्याचा कंटाळा केला की धुळीचा एक कण पुरे होतो. काम झाल्यावर पॉवर मीटरवर प्रकाशाचे माप घ्यायला सांगा. ते डीबीएम या एककात दिसते, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. ते उणे १८ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या खाली गेले तर आज फोन चालेल, पण पुढे जोडात किंचित बिघाड झाला की मोडेमवर लाल दिवा लागेल आणि आपली तक्रारींची वारी सुरू होईल. घरातली पातळ केबल दाराच्या फटीतून किंवा खिळ्याभोवती काटकोनात वळवू देऊ नका, वळणावर प्रकाश बाहेर गळतो.

उत्तर ३ : मूळची साताऱ्याची, सध्या ब्रिटनमध्ये

आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण इथे याच प्रश्नावर मोठी खळबळ झाली आहे आणि त्यातून आपल्याकडे शिकण्यासारखे बरेच आहे.

ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचे ठरले होते. सप्टेंबर २०२३ पासून जुन्या पद्धतीची नवी जोडणी देणे देशभर थांबले. दरम्यान नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन नावाचे वादळ आले, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये सुमारे दहा लाख घरांची वीज गेली, काही घरांत ती आठवड्याहून अधिक काळ आली नाही. दुर्गम खेड्यांत मोबाइलचे टॉवरही बंद पडले. ज्यांचा फोन इंटरनेटवर गेला होता त्यांनी रुग्णवाहिका बोलवायची तरी कशी, हा प्रश्न तेव्हा सर्वांसमोर आला, आणि मार्च २०२२ मध्ये बीटी या इथल्या मोठ्या टेलिफोन कंपनीला हे स्थलांतर काही काळ थांबवावे लागले.

इथे एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात एक बटण असते. पडल्यावर ते दाबले की घरातल्या फोनच्या लाइनवरून मदत केंद्राला संदेश जातो. अशी उपकरणे वापरणारे सुमारे अठरा लाख लोक आहेत. लाइन बदलल्यावर त्यातील काही उपकरणे मुकी झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना बोलावून घेतले आणि अशा ग्राहकांचे उपकरण नव्या लाइनवर चालते याची खात्री झाल्याशिवाय त्यांना हलवायचे नाही, असे त्यांच्याकडून लेखी मान्य करून घेतले. पुढे मे २०२४ मध्ये अंतिम मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली.

ज्यांच्या घरी मोबाइलची रेंज नाही आणि जे केवळ लँडलाइनवर अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय कंपनीने विनामूल्य द्यावी, असे इथल्या नियामकाचे म्हणणे आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ पर्यंत नियम वेगळा होता. तिथे कंपनीने चोवीस तास पुरेल अशी पर्यायी विजेची सोय ग्राहकाला देऊ करायची असे, पण पैसे ग्राहकाने भरायचे. माझ्या मते ब्रिटनमधला एक तास हा फार अपुरा आहे, पण कोणावर किती जबाबदारी हे निदान लिहिलेले आहे. आपले आई-वडील ब्रिटनमध्ये असते तर ते नेमके याच सवलतीच्या वर्गात बसले असते. म्हणून आपण कंपनीकडे अर्ज करताना घरात मोबाइलची रेंज नाही आणि राहणारी माणसे वृद्ध आहेत, हे लेखी कळवावे आणि त्याची पोच घ्यावी. उद्या दुरुस्तीला उशीर झाला तर हाच कागद दाखवता येतो.

एक खुलासा करते. इथे अनेक घरांत जाळे बदलले तरी घरात येणारी तार अजून तांब्याचीच आहे. फोन मात्र ब्रॉडबँडवर चालतो आणि वीज गेल्यावर बंद पडतो. म्हणजे "आमच्याकडे अजून तांबेच आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. घरात इन्व्हर्टर आहे आणि मोडेम त्याच लाइनवर घेता येईल, त्यामुळे रोजच्या वीज जाण्याची काळजी मिटली असे वाटते. दोन शंका राहिल्या आहेत. वादळात वीज अनेक दिवस गेली तर काय करावे, आणि जुना क्रमांक खरोखर टिकतो का? गावातील निम्म्या लोकांकडे आमचा तोच क्रमांक लिहिलेला आहे.

उत्तर ४ : मंडणगड

वादळाबद्दल शेजारच्या तालुक्यातून लिहितो. निसर्ग चक्रीवादळात आमच्याकडे खांबच आडवे झाले. खांबावरून आलेली तार तांब्याची असो वा काचेची, झाड पडल्यावर ती तुटतेच. आपल्या वाडीपर्यंत फायबर जमिनीतून येणार की महावितरणच्या खांबांवरून, हे आधी विचारून घ्या. खांबांवरून येणार असेल तर वादळाच्या दिवसांत एकट्या फोनवर विसंबू नका.

तुटली नाही आणि केवळ वीज नसली, तर आमच्या घरी केलेली सोय सांगतो. छोटे सौर पॅनेल, १२ व्होल्टची एक बॅटरी आणि मोडेमला व्होल्ट स्थिर मिळावेत म्हणून मध्ये एक नियंत्रक, एवढ्यावर मोडेम चालतो. चार्ज होताना बॅटरीचा दाब चौदा व्होल्टच्या वर जातो, त्यामुळे नियंत्रकाशिवाय मोडेम थेट बॅटरीला लावू नका. मोठ्या इन्व्हर्टरपेक्षा ही सोय जास्त काळ पुरते, कारण इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठीही वीज खातो.

फायबरचा आपल्याला एक मोठा फायदा होईल, तो कोणी लिहिला नाही म्हणून सांगतो. घरात वाय-फाय आले की वाय-फाय कॉलिंगची सोय असलेल्या मोबाइलवर रेंज नसतानाही नेहमीच्या क्रमांकावर फोन येतात आणि करता येतात. आईंच्या मोबाइलमध्ये ती सेटिंग चालू करून द्या. रेंज वाढवण्यासाठी बाजारात मिळणारे बूस्टर मात्र बसवू नका. परवान्याशिवाय ते लावणे बेकायदा आहे.

उत्तर १ (पुढे) : निवृत्त दूरसंचार अधिकारी, नाशिक

क्रमांकाबद्दल. त्याच कंपनीच्या फायबरवर गेल्यास क्रमांक कायम राहू शकतो, पण अर्ज नव्या जोडणीचा भरू नका. जुन्या लाइनचे फायबरमध्ये रूपांतर, असाच अर्ज द्या आणि त्यावर जुना क्रमांक एसटीडी कोडसह लिहा. जुनी लाइन आधी बंद करून नंतर नवी घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, कारण बंद केलेला क्रमांक परत मिळवणे फार कठीण जाते. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर क्रमांक सोडावा लागेल. मोबाइलप्रमाणे लँडलाइनचा क्रमांक बरोबर नेण्याची सोय आपल्याकडे नाही.

जोडणी करणारा मुलगा घरात असतानाच मेन स्विच बंद करून पाहा. इन्व्हर्टरवर मोडेम पुन्हा सुरू होऊन फोनला डायल टोन यायला काही मिनिटे लागतात की तो अखंड चालू राहतो, हे तेव्हाच समजेल. मध्ये खंड पडत असेल तर इन्व्हर्टर असूनही छोटा डीसी यूपीएस लावावा. मग बाहेरून घरच्या क्रमांकावर एक फोन करावा, घरून बाहेर एक करावा, आणि त्यानंतरच त्याच्या कागदावर सही करावी. जुन्या जोडणीची अनामत रक्कम नव्या खात्यावर वर्ग झाली आहे का, ते पहिल्या बिलावर तपासावे.